घरचा नंबर

जयपूरच्या एका कॉल सेंटरमध्ये कुठला फोन कुणाकडे जावा, हे मी ठरवत असे. तक्रारीचा फोन जुन्या माणसांकडे, साध्या चौकशीचा नव्या मुलींकडे. फोन करणाऱ्याचा नंबर ओळखून त्याचं नाव आधीच पडद्यावर यायचं. फ्रिज बिघडलेल्या माणसाला कुणी नावानं हाक मारली की त्याचा निम्मा राग तिथंच उतरतो. ही माझी करामत, म्हणून मला शिंगं फुटली होती.

हे सगळं तपासायला बाहेरून फोन करणारं कुणीतरी लागायचं. ते काम मी आईला दिलं. बाबा बँकेतून निवृत्त झाल्यावर आम्ही जयपुरातच, मुरलीपुऱ्यात राहिलो होतो. रविवारी दुपारी ती घरून फोन लावायची आणि मी ऑफिसात बसायचे. तिचा फोन गिऱ्हाइकांत मिसळू नये म्हणून घरच्या नंबरासाठी मी वेगळी रांग केली होती. तिथं माझाच आवाज भरून ठेवला होता, फोन उचलेपर्यंत दर मिनिटाला वाजणारा : "थांब हं आई, ठेवू नकोस फोन. आलेच मी." मिनिटभरात मी फोन उचलायचे. तो आवाज आधी भरलेला असतो, हे तिला कधी कळलं नाही. मीही सांगितलं नाही, मला गंमत वाटायची.

"मतलब, मीच आहे हे तुमच्या मशीनला कळतं?" तिनं एकदा विचारलं.

"नावानिशी कळतं," मी म्हटलं. लगेच ती बाबांना सांगायला गेली.

काम संपल्यावर चाचणीच्या सगळ्या रांगा मी पुसल्या. आईची तेवढी ठेवली. म्हटलं, काढू कधीतरी.

आमच्याकडे आत जाताना मोबाइल बंद करून दारावरच्या गार्डकडे जमा करावा लागे. एका दुपारी जेवणानंतर बाबांच्या छातीत कळ आली. आईनं माझा मोबाइल लावला, तो बंद. मग तिनं पाठ असलेला रविवारचा नंबर लावला. यंत्रानं तिला बरोबर ओळखलं आणि तिच्या रांगेत नेऊन उभं केलं. त्या रांगेला पलीकडे माणूसच नव्हतं. मी तेव्हा त्याच मजल्यावर मुलींना शिकवत होते, की गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवायचं नसतं.

पंचवीस मिनिटं तिनं रिसीव्हर सोडला नाही. शेजारचे भाईसाहब घरातच होते, त्यांची गाडी दारात उभी होती. शेवटी तिनं त्यांना हाक मारली, पण तोवर उशीर झाला होता. थोडं आधी आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले.

कामावर परतले तेव्हा नोंदींमध्ये मला तो फोन दिसला. मी रांग पुसली आणि जिन्यात बसून रडले. बाबांना मी मारलं, असंच मला वाटतं, आजही वाटतं. आईला हे सांगायचं धैर्य मला झालं नाही.

वर्षश्राद्धाला कोल्हापूरहून आत्या आली होती. जेवणं झाल्यावर तिनं माझ्यादेखत आईला विचारलं, "वहिनी, तेव्हा ही कुठं होती गं?"

"तिला काही बोलू नका, वन्सं," आई म्हणाली. "कामात होती पोर. तरी मिनिटामिनिटाला मला सांगत होती, आलेच मी, आलेच मी."