सुगराबीची कॅसेट

सोनईत आमच्या भिंतीला भिंत लावून आतारांचं घर. त्यातल्या सुगराबीला गळा होता. पैगंबर जन्माच्या बायकांच्या बैठकीत, मिलादला, ती नात म्हणायची, म्हणजे पैगंबरांची स्तुतिगीतं, तेव्हा माझी तव्यावरची भाकरी करपायची. पण ऐकायच्या फक्त बायका. नवरा दगडूभाई म्हणायचा, "बाईचा आवाज उंबऱ्याच्या आत." आमच्याकडे तरी काय वेगळं होतं म्हणा! मला भजनात टाळ धरू दिला असेल तर शपथ.

पंच्याण्णव साली त्यांची एकुलती लेक मैमून मिरजगावला सासरी अंथरुणाला खिळली. सातवा महिना, उठायची बंदी. आधीची दोन पोटातच गेलेली. "अम्मीचा आवाज ऐकला की झोप लागंल," असा तिचा निरोप आला. तेव्हा दगडूभाईनंच टेपरेकॉर्डर मागून आणला. सुगराबीनं कॅसेट भरली आणि कुणी पुसू नये म्हणून तिच्या कडेचा प्लॅस्टिकचा तुकडा सुरीनं मोडून टाकला.

जावई यासीन भोळा. एवढं पुण्याचं काम बायकोच्या उशाशी कशाला दडवायचं, म्हणून त्यानं पैगंबर जयंतीच्या जुलूसात कॅसेट कर्ण्यावर लावली. आठवड्यात सोनईच्या बाजारात कुणीतरी दगडूभाईला म्हणालं, "तुमच्या बीबीचा गळा लई गोड हाय की!"

झालं. त्यानं कॅसेट परत आणली, मोडलेल्या जागी चिकटपट्टी लावली आणि वरून कोरं भरायला लाल बटण दाबलं. सुगराबी त्याच्या पायाशी बसली होती. मी दारात होते. माणूस वाईट नव्हता, हेच मला अजून सहन होत नाही. स्वतःही रडत होता, पण बटणावरचा हात काढत नव्हता. आणि मी? जळ्ळं माझं तोंड, एक शब्द बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी सुगराबीनं कॅसेट माझ्या हातात दिली. "छबूताई, मैमूनला दे. रिकामी हाय, पर माझ्या हातची हाय."

मिरजगावला पोचले. रिकामी आहे हे सांगायला माझी जीभ रेटेना, तोवर मैमूननं ती लावलीसुद्धा. आधी नुसती खरखर. मग दगडूभाईचं खोकणं. आणि मग सुगराबी, "मैमूनसाठी तरी ऱ्हाऊ द्या. पुन्हा कदी तोंड उघडनार न्हाई. पाया पडते तुमच्या." पुसताना त्या मशीननं खोलीतलं सगळं भरून घेतलं होतं. बराच वेळ ती तेच म्हणत राहिली.

कॅसेट संपली. मैमूननं पोटावर हात ठेवून डोळे मिटले.

"पुन्हा लाव, मावशी," ती म्हणाली. "अम्मीच हाय ना."