बाथरूमचं दार

माझी आत्या शिलाई मशीन दुरुस्त करते. मशीन नुसतं चालवून बघते, कान लावते आणि सांगते, 'खालून घासतंय.' लहानपणापासून तिला चालता येत नाही. ती चाकांच्या खुर्चीतून फिरते आणि त्या खुर्चीला आमच्या घरात सगळे गाडी म्हणतात.

मशीनच्या कंपनीने तिला विचारलं, गावोगाव जाऊन नव्या मेकॅनिकांना शिकवाल का? मुक्काम अर्थातच साध्या लॉजवर. आत्या एका पायावर तयार झाली. (हे शब्द तिचेच. ती ऐकून पाहुणे चहा सांडतात.) बाबा मात्र सोफ्यावर पुढे सरकले. बाबा पुढे सरकले की भाषण येतं. "म्हणजे कसं आहे, बघ," म्हणत त्यांनी जिने, उंबरे, निसरड्या फरश्या असं सगळं पाढ्यासारखं म्हणून दाखवलं आणि शेवटी विचारलं की ऐनवेळी तुला उचलणार कोण?

बाबांचं सगळं ऐकून घेणारी आत्या या प्रश्नावर मात्र पेटली.

तिचं अख्खं लहानपण उचलण्यात गेलंय. कार्य कुणाचंही असो, दोन-तीन काका 'सरका, सरका' करत धावत यायचे, तिला उचलायचे, भिंतीशी ठेवायचे आणि जेवायला जायचे. एकदा गच्चीवर नेऊन विसरले. पंगती उठल्या, भांडी घासून झाली, तेव्हा कुणाला तरी आठवलं, अरे, ती कुठेय? उचलणारा त्याला सोयीचं तिथे ठेवतो, हे आत्या तेव्हाच शिकली.

शेवटी पैज ठरली. एक रात्र लॉजवर काढायची. कुणी एकदा जरी उचललं, तरी कंपनीला 'जमणार नाही' असं कळवायचं. साक्षीदार म्हणून मी. नक्कल केल्याशिवाय मला काही सांगता येत नाही आणि नक्कल करताना सगळं बाहेर पडतं, हे बाबांना पक्कं ठाऊक आहे.

आत्याने लॉजच्या मॅनेजरला आधी फोनवर खोदून खोदून विचारलं होतं. पायऱ्या? "टेन्शनच नाही मॅडम." खोली तळमजल्यावर? "टेन्शनच नाही." बाथरूमचं दार रुंद आहे ना? "मॅडम, टेन्शनच नाही." तिन्ही उत्तरं एकाच सुरात, आवाज नाकात नेऊन. मला तो सूर बसमध्येच जमला होता.

संध्याकाळी पोचलो. पायऱ्या खरंच नव्हत्या. खोलीही तळमजल्यावर होती. पण पलंगावर एकावर एक दोन गाद्या. मॅनेजर हात चोळत म्हणाला, आजारी माणसाला मऊ लागतं ना, म्हणून मुद्दाम दुसरी घातली. आत्या म्हणाली, मी ठणठणीत आहे, पण या डोंगरावर मला गाडीतून सरकता येणार नाही. वरची गादी निघाली. गाडी आणि पलंग एका उंचीला आले, आत्या हातांवर भार देऊन पलंगावर सरकली आणि परत गाडीत आली. मी मनात एक गुण मांडला.

मग बाथरूम. दार आत उघडायचं आणि बेसिनला अडकून अर्धवटच थांबायचं. गाडी चौकट आणि त्या अर्धवट दाराच्या मध्ये घुसली आणि बूच बसावं तशी बसली. पुढे जाईना. कशीबशी मागे ओढली.

मॅनेजरला क्षणात उपाय सुचला. त्याने दोन वेटर बोलावले. ते आले तेच बाह्या सरसावत. एकाने आत्याच्या खांद्याकडे हात नेला, दुसरा पायांशी वाकला. मला वाटलं, आता गेली नोकरी.

आत्याने गाडीचा ब्रेक खटकन लावला.

"हात लावायचा नाही."

"मॅडम, दोन मिनिटांचं काम. अलगद ठेवतील."

"आणि सकाळी? आणि रात्री जायचं झालं तर?"

मॅनेजरचा सूर पहिल्यांदाच नाकातून खाली आला. मग तुम्हीच सांगा काय करायचं, म्हणाला.

आत्या दाराकडे बघत होती, बिघडलेल्या मशीनकडे बघते तशी. तिने पिशवीतून स्क्रूड्रायव्हर आणि मशीनच्या तेलाची बाटली काढली. दार काढायचं, नुसती चौकट गाडीला पुरते, म्हणाली. मॅनेजर हबकला. दार काढतात का कुठे, मालक काय म्हणतील, त्याची सरबत्ती सुरू झाली. आत्या शांतपणे म्हणाली की नाहीतर मी रात्रभर तुमच्या काउंटरसमोर बसते, येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला कारण सांगत.

खालची बिजागरी तिने स्वतः सोडवली. वरच्या बिजागरीला हात पोचेना. मला स्टुलावर चढवलं. मी कुजबुजले, आत्या, ही मदत पैजेत धरायची का? ती म्हणाली, "मदतीला माझी ना नाही गं. उचलायला आहे. आधी स्क्रूच्या खाचेतला रंग खरवड."

रंग खरवडला, तेल सोडलं, वाट पाहिली. शेवटचा स्क्रू निघाला तसं दार कलंडलं आणि बाह्या सरसावलेले ते दोघे अखेर कामाला आले. दार भिंतीला टेकलं. चौकटीत चादर टाचली. आत्या गाडीसकट आत गेली, भरपूर वेळ लावला आणि आतून मोठ्यांदा गाणं म्हटलं. गाणं बेसूर होतं, ते मी घरी गाऊन दाखवणारच आहे.

रात्री बाबांचा फोन. पहिला प्रश्न तोच: उचललं का कुणी?

"हो. दोन वेटरनी," मी म्हणाले. पलीकडे बाबांनी समाधानाचा श्वास घेतला, भाषणाआधी घेतात तसा. "बाथरूमचं दार."

सकाळी निघताना मॅनेजरने विचारलं, दार परत बसवू ना? आत्याने गाडी वळवली.

"नको. पुढच्या महिन्यात मी परत येतेय. तोवर एक जाडसा पडदा शिवून घ्या."

मॅनेजरने तोंड उघडलं. मी आधीच नाकात सूर लावून तयार होते.

"टेन्शनच नाही," आम्ही दोघं एकदमच म्हणालो.