अल खर्ज ते हायल : धनुष्याची एकच शिकार

अबू नासरच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन ठरलं आणि डॉक्टर म्हणाले, यानंतर धनुष्य ओढणं खलास. त्याच दिवशी आमचं हायलला जायचं ठरलं.

अबू नासर म्हणजे सौदीतल्या आमच्या अल खर्जच्या डेअरीचे मालक, वयाने माझ्याएवढेच. मी सातवी शिकलेला, दूध काढायची यंत्रं दुरुस्त करणारा. त्यांना धनुष्याचा नाद उशिरा लागला, शिकार एकही झालेली नव्हती. हायलजवळ त्यांच्या मेहुण्याचं कुंपण घातलेलं कुरण आहे. तिथलं एक नर हरीण परवान्यावर मारता येणार होता. शिकारीला आम्ही दोघंही कधी गेलो नव्हतो.

रत्नागिरीला बायकोला फोन केला. ती म्हणाली, "शिकारीला? तुम्ही? कोंबडी कापताना डोळे मिटून घेता!"

"मी फक्त जेवण करायला आणि गाडी बघायला."

"मग मीठ तेवढं बेताने घाला."

तुम्हाला जायचं असेल तर तयारी आधीपासून करा. अबू नासर रोज दुपारची असरची नमाज झाल्यावर गाईंच्या चाऱ्याच्या गठ्ठ्यावर बाण मारत. उभं राहून नाही, खुर्चीत बसून, कारण तिथे दगडाआड बसूनच मारायचं होतं. खांदा दुखायचा, म्हणून दोन-चार बाण झाले की थांबायचे. मी टायर तपासले, जादा पाणी घेतलं, बाणांची पाती वेगळ्या डब्यात ठेवली, वासाने हरीण पळू नये म्हणून अत्तर घरीच ठेवलं. एका गोष्टीने मात्र माझी झोप उडाली होती. बाण सोडताना अल्लाचं नाव घेतलं नाही तर ते मांस आम्हाला चालत नाही. आणि गठ्ठ्यावर मारताना यांच्या तोंडून बिस्मिल्ला मला एकदाही ऐकू आलं नव्हतं. मालकाला विचारायचं कसं?

पहाटे निघालो. रियाधला वळसा घालून कसीमचा रस्ता धरला. रस्ता उत्तम, पण उंट आडवे येतात, म्हणून अंधार पडायच्या आत पोहोचा. डिझेल मालकांचं, वाटेतला चहा आणि खबूसची रोटी माझ्याकडून. फार खर्च नाही. हायलला लाल वाळू आणि काळे डोंगर दिसतात. थंडी अशी की मी दोन स्वेटर घातले तरी कुडकुडत होतो.

"इब्राहीम, हरीण तुझे दात ऐकेल," अबू नासर म्हणाले. ते माझ्याशी मोडक्या हिंदीत बोलतात.

सकाळी पाणवठ्याजवळच्या दगडांआड बसलो, ते पुढे, मी त्यांच्या पाठीमागे. बऱ्याच वेळाने नर आला. पाणी प्यायला, मग आडवा उभा राहिला. अबू नासरनी दोरी ओढली. मला फक्त त्यांची पाठ दिसत होती, तोंड नाही. माझ्या मनात आलं, हे विसरले. घरी यांची नातवंडं हे मांस खाणार.

"बिस्मिल्ला म्हणा!" मी बोललो. मोठ्यानं.

हरीण उधळलं. बाण वाळूत गेला.

त्यांनी वळून पाहिलं. "म्हणत होतो ना," ते हळूच म्हणाले. "ओठांत."

दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलो. नर आला, पण दोरी अर्ध्यावरच थांबली. खांदा ऐकेना. त्यांनी धनुष्य माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "यल्ला, चल घरी."

परतताना रियाध जवळ आलं. तेव्हा मी म्हणालो, "माफ करा. मांस हराम होईल, ही भीती वाटली."

"झालं ना हलाल? हरीण नाही, नुसता वारा आहे, खा पोटभर."

ते हसले. मला हसता आलं नाही.

ऑपरेशन झालं. बाणांनी भोकं पडलेला गठ्ठा गाईंनी खाऊन संपवला. पुढच्या हंगामाबद्दल कोणी बोलत नाही. तुम्ही कुणाबरोबर शिकारीला जाणार असाल तर जे विचारायचं ते घरूनच विचारून घ्या. मला लाज वाटली, म्हणून राहून गेलं.

परवा त्यांना भेटायला गेलो. उजवा हात गळ्यात बांधलेला, डावा सवयीचा नाही. मी कहव्याचा पेला त्यांच्या ओठांशी नेला. ते प्यायले नाहीत, माझ्याकडे पाहत राहिले.

"म्हण ना बिस्मिल्ला, मोठ्यानं," ते म्हणाले. "आता कोण पळणार?"

मी ओठांतच म्हणालो.