समोरच्या दाराचं कार्ड

चंदना,

शहाणीच आहेस! साऱ्या गल्लीला तुझी क्षमावाणीची कार्डं पोचली. दूधवाल्या आकारामला आलं, झुंबरबाईला आलं, मलाच तेवढं नाही. माझं तू काहीच वाईट केलं नाहीस म्हणतेस? श्रावणात माझं पुरणयंत्र नेलंस ते कुठाय? मुकाट्यानं कार्ड पाठव.

– पूर्णिमा

एवढं खरडून पूर्णिमाबाईंनी पाकिटाला तिकीट चिकटवलं आणि पायात चपला सरकवल्या. चंदना मगदूम राहते शिवाजी पेठेतल्या त्याच बोळात, अगदी समोर. पण कार्ड पोस्टानंच जायला हवं, हा तिचाच हट्ट.

"समोर तर राहतेस, हातात दे की," असं पूर्णिमाबाई पूर्वी म्हणाल्या होत्या.

"हातात दिल्यावर काय मजा हाय? पोस्टमननं नाव घेऊन हाक माराय पायजे, शेजारणींनी डोकवाय पायजे!"

पर्युषण संपलं की जैन घरांतून वर्षभराच्या चुकांची क्षमा मागतात. आता बहुतेक जण एकच तयार मजकूर मोबाइलवरून सगळ्यांना ढकलतात नि मोकळे होतात. चंदना शाळेत चित्रकला शिकवायची. ती जाड कागद कापते, कडेनं वेलबुट्टी काढते आणि ज्याचा त्याचा अपराध सविस्तर लिहून कळवते. घोळ तिथंच होतो. निम्म्या लोकांना तो अपराध ठाऊकच नसतो! 'तुमच्या आमटीला भर पंगतीत नावं ठेवली, उत्तम क्षमा' हे वाचून झुंबरबाई लाटणं घेऊनच आली होती. तालमीतल्या सम्राटला कार्डावरूनच कळलं, की हरवलेला फुटबॉल चंदनाआज्जींनीच विळीवर चिरला होता. बोळात येऊन तो भरपूर ओरडला, आणि कार्ड मात्र तालमीत चषकांच्या शेजारी मांडलं. भांडणं होतात, तरी पुढच्या वर्षी सगळे पोस्टमनची वाट बघतातच. आपल्याबद्दल कोण मनात काय बोललं, हे कळायला कुणाला नको असतं?

आणि यंदा पूर्णिमाबाईच कोरड्या! चंदनाचे गुडघे धरले म्हणून कार्डांचा गठ्ठा पेटीत टाकायला त्याच गेल्या होत्या. आपलं नाव आधीच दिसू नये म्हणून त्यांनी तो बघितलासुद्धा नव्हता.

लाल पेटीपाशी त्यांनी पिशवीत हात घातला, तर हाताला दोन पाकिटं लागली. एक त्यांचं. दुसरं उसवलेल्या अस्तरात अडकलेलं, कोथिंबिरीची काडी चिकटलेलं. वर वेलबुट्टी आणि त्यांचंच नाव.

"अगं बाई!"

टाकावं पेटीत, येईल पोस्टमन हाक मारत. पण एवढा धीर कुणाला! त्यांनी तिथंच टर्रकन फाडलं.

'पूर्णिमा, गठ्ठा तुझ्याकडं द्यायचं ठरलं तेव्हा मनात आलं, ही धांदरट बाई एखादं तरी विसरणार. उगाच संशय घेतला. उत्तम क्षमा.'

पूर्णिमाबाई एवढ्या हसल्या, की रिक्षावाला थांबला. "काय मावशी, लॉटरी लागली व्हय?"

"त्याहून मोठी!" म्हणत त्यांनी स्वतःचं रागाचं पत्र पिशवीच्या तळाशी कोंबलं.

घराशी आल्या तर चंदना खिडकीत. "काय गं, कार्ड वाचून रागावलीस व्हय? आठवडा झाला, बोलली न्हाईस."

"कशावर रागवू? अजून पोस्टमननं हाक कुठं मारलीय?"

"थांब, उद्या धरतेच त्याला!"

आज डिंक लावून पाकीट पेटीत टाकायचंच, असं पूर्णिमाबाईंनी ठरवलं. दिवाळी येऊन गेली. चंदना अजून पोस्टमनला अडवते, आणि कार्ड पिशवीतच आहे. डिंक लावला, तर रोज वाचायचं कसं?