याकोबच्या मांडीतली सळई

अंबादास त्रिभुवनला मेलेल्यांची भीती कधीच वाटली नव्हती. संगमनेरकडच्या एका खेड्यातून तो विसाव्या वर्षी मुंबईला आला आणि मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका ख्रिस्ती कब्रस्तानात कामाला लागला. चौऱ्याऐंशी साली त्याला तिथे बावीस वर्षं झाली होती. फाटकालगतच्या एका खोलीत तो आणि त्याची बायको वनमाला राहत. मूलबाळ नव्हतं. कुणी विचारलं, काय रे, भुतंबितं दिसतात का, की तो म्हणायचा, "भुतं कसली? त्रास देतात ते नातेवाईक." माणूस तोंडाचा फटकळ, पण हाताचा स्वच्छ. एकदा कबर उघडताना सोन्याची अंगठी सापडली, तर तो ती कागदात गुंडाळून नाहूरला पत्ता विचारत विचारत देऊन आला. त्या घरच्या सुनेने साधा चहा विचारला नाही, हे मात्र त्याने पुढे शंभर जणांना तरी सांगितलं असेल.

बाहेरच्यांना एक गोष्ट ठाऊक नसते. मुंबईत मेलेल्यालाही कायमची जागा मिळत नाही. दोन-तीन वर्षं झाली की कबर उघडायची, अस्थी पांढऱ्या कपड्यात बांधायच्या आणि जागा पुढच्याला द्यायची. ज्याचं कुणी आहे, त्याच्या अस्थी भिंतीतल्या कप्प्यात जातात आणि वर नावाची संगमरवरी फरशी बसते. ज्याचं कुणी नाही, त्याच्या कब्रस्तानामागच्या अस्थिविहिरीत, सगळ्यांच्या एकत्र.

एक्याऐंशीच्या पावसाळ्यात एकाच आठवड्यात दोन माणसं शेजारी शेजारी पुरली गेली. एक याकोब मकासरे, विक्रोळीच्या एका कारखान्यातला फिटर. दुसरा लवू, चर्चच्या पायरीवर मेणबत्त्या विकणारा, मागेपुढे कुणी नसलेला. नोव्हेंबरच्या दोन तारखेला, मृतांच्या दिवशी, सगळं कब्रस्तान स्वच्छ दिसावं लागतं. म्हणून अंबादासने दरवर्षीप्रमाणे लाकडी क्रूस उपटले, नावाची पाटी सोडून त्यांना डांबर फासलं, वाळायला भिंतीला टेकवले आणि परत रोवले. रोवताना याकोबचा क्रूस लवूच्या उशाशी गेला आणि लवूचा याकोबच्या. कुणाला कळलं नाही, त्याला स्वतःलाही नाही.

त्र्याऐंशी साली याकोबच्या नावाची कबर उघडली. त्या दिवशी सात कबरी उघडायच्या होत्या. याकोबचा भाऊ लांब झाडाखाली रुमाल नाकाला लावून बसला होता. अस्थी कप्प्यात गेल्या, फरशी बसली. याकोबची बायको मालनबाई त्या आठवड्यापासून दर सोमवारी येऊ लागली. फरशीवर हात ठेवून ती हळू आवाजात बोलत राहायची, कधी अर्धा तास, कधी तास.

चौऱ्याऐंशीच्या सप्टेंबरात अंबादासने लवूची कबर उघडली. मांडीच्या हाडात त्याला पोलादी सळई दिसली.

तो खड्ड्यातच खाली बसला. याकोबची ही सळई सगळ्या चर्चला ठाऊक होती. कारखान्यात मांडीवर लोखंड पडलं, तेव्हा डॉक्टरांनी ती घातली होती. चर्चमधली मिस्सा संपली की याकोब मांडीवर थाप मारून म्हणायचा, "हा पाय कंपनीचा आहे, रिटायर झालो की परत द्यायचा." वर्षापूर्वी त्या दुसऱ्या अस्थी बांधताना सळई का नाही, एवढा साधा प्रश्न आपल्याला पडला नाही, म्हणून अंबादासला स्वतःची किळस आली. विहीर वीस पावलांवर होती. गाठोडं आत टाकलं असतं तर जगात कुणाला पत्ता लागला नसता. त्याने ते अवजारांच्या खोलीत नेऊन फळीवर ठेवलं आणि कुलूप लावलं.

तिसऱ्या दिवसापासून पाऊल ऐकू येऊ लागलं. भर दुपारी, कब्रस्तानात चिटपाखरू नसताना. एक पाऊल पडायचं, दुसरं खडीवरून घासत यायचं. अवजारांच्या खोलीपासून निघायचं, भिंतीपर्यंत जायचं आणि याकोबच्या नावाच्या फरशीसमोर थांबायचं. पाऊल त्याच्याकडे कधी आलं नाही. आलं असतं, गळा धरला असता, तर बरं वाटलं असतं. आपल्याच नावासमोर बाहेर उभा राहिलेला तो माणूस काही मागत नव्हता, आणि अंबादासला तेच सोसवत नव्हतं. त्याने माळ जपली, दारावर क्रूस टांगला. पाऊल यायचं ते आलंच. त्याचं जेवण सुटलं.

शेवटी तो चर्चच्या फादरकडे गेला. फादर भले गृहस्थ होते. त्यांनी कन्फेशन ऐकलं, देवाने क्षमा केली असं सांगितलं आणि वर म्हणाले, "बाईला कशाला दुखवतोस? मी प्रार्थना म्हणतो, अस्थी विहिरीत सोड. कब्रस्तानाच्या कमिटीला कळलं तर तुझी खोली जाईल."

"देवानं माफ केलं असंल, फादर," अंबादास म्हणाला, "पण बाईला तर ठावकच नाही. ती कुणापुढं रडतीय ते तिला कळाय नको?"

घरी वनमालाने भाकरी थापता थापता सगळं ऐकून घेतलं. "अहो, ह्या वयात कुठं जायचं आपण?" एवढंच ती म्हणाली. तिने शेवटची भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाली, "सांगून टाका. तुम्ही असे राहिलात तर खोली घेऊन मी काय करू?"

खोली गेलीच. डिसेंबरात कमिटीने त्याला काढलं आणि दोघं मानखुर्दला वनमालाच्या भावाकडे राहायला गेली. पण ते नंतरचं.

सोमवारी मालनबाई आली. अंबादासने गाठोडं तिच्यासमोर बाकावर ठेवलं, कपडा सोडला, सळई दाखवली आणि काही न वगळता सगळं सांगितलं. डांबर, क्रूस, त्या दिवशीची घाई, फळीवरचा दीड महिना. ती ओरडेल, शिव्या देईल, अशी त्याने मनाची तयारी केली होती. ती सळईकडे बघत राहिली.

"मग आत कोण आहे, भाऊ?"

"लवू. मेणबत्त्या विकायचा तो."

"बाई गं." तिने पदर तोंडाला लावला. "भाऊ, एक गोष्ट होती. लग्नाच्या आधीची. तीस वर्षं मी ह्यांना सांगू शकले नाही. ते जिवंत असताना तोंड उघडलं नाही, मेल्यावरही नाही. ह्या ईस्टरला सांगितली. सगळी. त्या फरशीला डोकं लावून सांगितली, आणि पहिल्यांदा मला झोप लागली."

खरं सांगितल्याने आपलं ओझं उतरेल एवढंच अंबादासने धरलं होतं. ते उतरून कुणाच्या डोक्यावर बसेल, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं.

"चूक माझी हाय, बाई," तो म्हणाला. "उद्या कप्पा उघडतो. लवूला काढतो अन् ह्यांना ठेवतो."

"लवूला हात लावू नका." तिचा आवाज एकदम कडक झाला. "त्याला विहिरीत नाही टाकायचं. त्याला माझं सगळं ठाऊक झालंय. दोघांना एकत्र ठेवा. फादरना मी सांगते."

मग तिने गाठोडं उचलून मांडीवर घेतलं आणि कपड्याची गाठ पुन्हा नीट बांधली.

"तुम्ही जरा लांब जा, भाऊ," ती म्हणाली. "मला पहिल्यापासून सांगावं लागेल."