जाताना क्रॉसओव्हर, येताना व्हॅन

डिसेंबरातल्या एका शनिवारी सकाळी आम्ही सिंदी मेघेहून कारंजाला निघालो, तेव्हा कोणती गाडी घ्यायची हे माझं पक्कं ठरलेलं होतं. सेवाग्रामच्या दवाखान्यात मी एक्स-रे काढतो. माणसाच्या आतलं दिसतं तर गाडीच्या आतलं काय दिसणार नाही, असा माझा थाट. त्यात तीन महिने मोबाइलवर गाड्यांचे व्हिडिओ बघून मी घरातला पंडित झालो होतो.

माझ्या बायकोला, वैशालीला, सातवा महिना होता. आई, बाबा, पाच वर्षांची लेक मिठी आणि आम्ही दोघं असे पाच जण जुन्या छोट्या गाडीत कसेबसे मावायचो. आता सहावं येणार म्हटल्यावर मोठी गाडी घेणं भागच होतं. वैशालीचं मत सात सीटांच्या व्हॅनचं. माझं क्रॉसओव्हरचं, म्हणजे जीपसारखी उंच आणि कारसारखी मऊ. व्हॅन चालवताना मी शाळेची पोरं पोचवणारा दिसेन, हे मी तिला सांगितलं नव्हतं, पण तिला ते माहीत होतं.

कारंजाजवळ तिचं माहेर. डोहाळजेवण तिथंच होतं. योग असा जुळून आला, की माझ्यासोबत काम करणाऱ्या एकाची क्रॉसओव्हर कारंजात त्याच्या भावाकडे पोचवायची होती, आणि परतीला माझा साळा प्रफुल्ल त्याची व्हॅन देणार होता. एकाच फेरीत दोन्ही गाड्यांची परीक्षा होणार होती, आणि निकाल मला निघण्याआधीच ठाऊक होता.

वैशालीचे पाय सुजायचे. पाय वर घेऊन बसा, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. ती मागच्या सीटवर पाय लांब करून बसली, कोपऱ्यात मिठी, पुढं आई. बाबा पिशवी घेऊन दारातच उभे होते.

"सूनबाईले बसू दे नीट. मी येतो एसटीनं. तुम्ही व्हा पुढं."

"बाबा, जागा होते ना," मी म्हटलं. पण चावी हातात घेऊन जसं म्हणतात तसं म्हटलं. लग्न असो, बारसं असो, गेली कित्येक वर्षं बाबा आमच्या मागून एसटीनंच येतात. त्यांना एसटी आवडते, असं आम्ही परस्पर ठरवून टाकलं आहे. त्यांना स्टँडवर सोडलं, चाकांत हवा भरली आणि आर्वीच्या रस्त्याला लागलो.

दोन्ही बाजूंनी तुरीची वावरं (शेतं) उभी होती. थंडी होती, ऊन नुकतं अंगावर येत होतं आणि गाडी लोण्यासारखी पळत होती. खड्डा आला तरी आतल्या माणसाला पत्ता नाही. खरांगण्याच्या पुढं चढावर एक एसटी धूर सोडत चालली होती. मी तिच्या बाजूला आलो आणि मिठी ओरडली, "आबाजी! आबाजी!" आमच्याकडे आजोबांना आबाजी म्हणतात.

खिडकीशी बाबा बसले होते, कानाला मफलर गुंडाळून. त्यांनी हात हलवला. काच बंद होती, पण ओठांवरून कळलं, "सावकाश" म्हणत होते. माझा पाय दाबलेलाच होता. बस बघता बघता आरशात लहान झाली.

"पिकअप काय झकास आहे!" मी म्हटलं. मिठी मागच्या काचेतून बसकडे बघत राहिली.

तळेगावला ढाब्यावर तर्री-पोहे (वरून लाल झणझणीत रस्सा घातलेले) खाल्ले. ढाब्याच्या मालकानं हात पुसत गाडीभोवती एक चक्कर मारली.

"भाऊ, नवी घेतली का?"

"घेऊन राह्यलो. अशीच."

"घरी किती जण?"

"आता सहा होतील."

"मंग एकाले डिक्कीत टाकता काय?"

"ते लहान राहील ना, मांडीवर बसेल."

"मांडीवर काय जिंदगीभर बसते का ते?" असं म्हणून तो दुसऱ्या टेबलाकडे वळला. वैशाली पोह्यांत तोंड घालून हसत होती. मला राग आला, आणि तर्रीनं ठसकाही लागला.

सासऱ्यांच्या संत्र्याच्या बागेत पोचलो तेव्हा मांडव सजला होता. बायका खोळंबल्या होत्या. बाबांसाठी थोडं थांबू, असं सासूबाई म्हणाल्या. त्यांना मी मामी म्हणतो. पण मुहूर्त थांबेना. वैशालीला फुलांचा मुकुट घातला, ओटी भरली, गाणी झाली. गोळाभाताच्या (बेसनाचे तिखट गोळे घालून शिजवलेल्या भाताच्या) पंगती उठल्या. मी दोनदा वाढून घेतला, खोटं कशाला बोलू.

बाबा आले ते फाट्यापासून चालत. बस आर्वीला बराच वेळ थांबली होती म्हणे. मांडवात तेव्हा पोरं उरलेली फुलं एकमेकांवर फेकत होती. बाबांनी पाय धुतले आणि मिठीला जवळ घेतलं.

"काय काय झालं व माय? तुही आई कशी दिसत होती?"

मिठीनं हातांनी मुकुट करून दाखवला. बाबा त्या रिकाम्या हातांकडे इतक्या कौतुकानं बघत होते, की मला तिथं उभं राहवेना. मी गाडी पोचवायच्या निमित्तानं सटकलो. त्या उंच सीटवर एकटा बसून कारंजात जाताना मला स्वतःची लाज वाटली.

रविवारी दुपारी परतीची तयारी झाली. प्रफुल्लची व्हॅन दारात उभी होती. तो एरवी तिच्यातून बाजारात भाजी नेतो. त्यानं मागची सीट पाडली आणि भरायला सुरुवात केली: संत्र्यांची दोन पोती, तुरीचं एक, वांगी, दोन भोपळे, वर सांभाराच्या (कोथिंबिरीच्या) जुड्या. लेकीच्या गाडीत बोटभर जागा रिकामी गेली तर माहेराला कमीपणा येतो, ही इकडची रीत. सात सीटांची गाडी असली तर पोती दोन जास्त, एवढाच काय तो फरक.

वैशाली मधल्या सीटवर पाय लांब करून बसली. पुढं आई, तिच्या मांडीवर मिठी. बाबांनी व्हॅनच्या मागं एकदा डोकावून पाहिलं आणि खुंटीवरची पिशवी काढली.

"मी येतो एसटीनं. तुम्ही व्हा पुढं."

या खेपेला मी चावी खिशात घातली. मी प्रफुल्लला म्हटलं, "पोते उतरव. हे पोते जातील एसटीनं."

मामींचा चेहरा पडला. "काऊन जवाईबापू? माहेरचं देनं कोनी एसटीनं पाठवते काय?"

"मामी, बाबा एसटीनं येतात तं पोत्याले काय होते?"

बाबाच घाईघाईनं म्हणाले, "अरे, मले आदत हाय त्याची." मामींनी त्यांच्याकडे पाहिलं, मग पदर खोचला.

"प्रफुल, उतरव रे बापा. स्टँडवर नेऊन दे त्या रोजच्या कंडक्टरपाशी."

पोती उतरली, पण सीट काही उभी राहीना. तीन महिने व्हिडिओ बघितलेला मी, खाली वाकून कळ शोधतोय, आणि हाताला लागतोय वांग्याचा देठ. शेवटी मिठीनं एक पट्टा ओढला आणि सीट खाडकन उभी राहिली. तिनं लगेच बाबांना आत ओढलं. मामींनी संत्र्यांची एक पिशवी त्यांच्या पायाशी ठेवली. तेवढ्यानं मामींचंही समाधान झालं.

व्हॅन चढावर रडते, हे कबूल करतो. वळणावर डुलतेही. आणि हो, मी शाळेची पोरं पोचवणाराच दिसत होतो. पण मागून संत्र्याचा वास येत होता, मिठीची अखंड बडबड आणि बाबांचा "हो व माय, हो व माय" ऐकू येत होता. आर्वीच्या पुढं एक एसटी गाठली. मिठीनं काचेला नाक लावलं. "आबाजी, त्याच्यात आपले पोते असतील!" दोघांनी मिळून बसला हात केले. ड्रायव्हरनंही हॉर्न वाजवून उत्तर दिलं.

घरी पोचलो. मागच्या सीटवरून उतरायला बाबांना वेळ लागला, गुडघे धरले होते. खाली उतरून त्यांनी घराकडे पाहिलं. आई कुलूप काढत होती, आतला दिवा अजून लागायचा होता.

"पहिल्यांदाच तुमच्यासंगं पोचलो मी," ते हसत म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात मी व्हॅन घेतली. चावी देताना शोरूमवाल्या पोरीनं विचारलं, "सर, मागची सीट पाडून सामानाला जागा कशी करायची, ते दाखवू काय?"

मी म्हटलं, "नको."