रिकामं आणि माहीत नसलेलं

बातमी आली तेव्हा मी बेंगळुरूतल्या हेब्बाळच्या ऑफिसात कॉफीच्या रांगेत उभा होतो. फोनवर अक्कांचं नाव दिसलं, म्हणून हसतच उचलला. "अक्का, आज काय नवीन सापडलं?" पलीकडे त्यांचे यजमान मोहनराव होते. "निखिल, सुलभा गेली रे... पहाटे, झोपेतच." काय बोललो ते मला आठवत नाही. त्याला आता सहा आठवडे झाले. शोकसभेत सगळे त्यांच्या अनुभवाबद्दल बोलले. मला मात्र आठवतो तो त्यांच्या शेवटच्या वर्षातला उत्साह. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्या पुन्हा पहिलीत बसल्या होत्या, आणि त्यांना त्याची कोण मजा वाटत होती!

सुलभाअक्का आमच्या कंपनीत डेटाबेस सांभाळायच्या. रुग्णालयांमधल्या रुग्णांच्या नोंदी आमच्याकडे असतात. त्या सुरक्षित राहाव्यात, हव्या तेव्हा सापडाव्यात, हे त्यांचं काम. त्यांचं घराणं कैक पिढ्यांपासून बेंगळुरूत. जन्म इथल्याच शिवाजीनगरचा, वडिलांचं ट्रंकांचं दुकान होतं. मराठी घरातल्या, पण बोलता बोलता कानडी 'स्वल्प', म्हणजे जरा, आणि 'सरी', म्हणजे बरोबर, हमखास यायचे. मी साताऱ्याचा, इथे तीनच वर्षांचा. त्यांची मराठी ऐकली की घरचं कुणी भेटल्यासारखं वाटायचं. एकाच डेटाबेसवर त्यांनी तीस वर्षं काढली होती. यंत्रणा जरा रेंगाळली की त्या नेमकं कुठे दुखतंय ते सांगायच्या.

मग कंपनीनं ती जुनी यंत्रणा सोडून नवी घ्यायचं ठरवलं. मॅनेजर म्हणाले, "अक्का, तुम्ही जुनीच सांभाळा, ती बंद होईपर्यंत." अक्कांनी विचारलं, "आणि ती बंद झाली की मीपण बंद?" सगळे हसले. त्या हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आपली खुर्ची ओढत माझ्या टेबलापाशी आणली. "तुला नवीन येतं ना? मला शिकव. अगदी अ आ इ पासून."

मी संकोचलो होतो, पण तो संकोच तासाभरात संपला. तीस वर्षांच्या सवयीनं त्यांची बोटं जुन्याच आज्ञा टाइप करायची, नवी यंत्रणा त्या नाकारायची, आणि अक्का खूश व्हायच्या. "अय्यो, हे इथे वेगळं आहे बघ!" डब्यातला बिसीबेळे भात गार होऊन जायचा. एकदा मी त्यांना दाखवलं, की इथे नोंदींच्या तक्त्याची रचना बदलताना मध्येच नको वाटलं तर सगळं जसंच्या तसं मागे नेता येतं. त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी स्वतः करून पाहिलं, एकदा नाही, चार वेळा. मग खुर्चीत मागे रेलल्या. "तीस वर्षं हे काम मी श्वास रोखून केलं रे... आणि इथे चक्क मागे फिरता येतं!" त्या दिवशी घरी जाताना लिफ्टमध्ये भेटेल त्याला त्या हे सांगत होत्या. सुरक्षारक्षकालासुद्धा.

नोंदी हलवण्याची रंगीत तालीम झाली आणि सगळ्या तपासण्या हिरव्या आल्या. आम्ही पेढे आणायच्या बेतात असताना अक्का पडद्यापाशी वाकल्या. "स्वल्प थांब. हा अ‍ॅलर्जीचा रकाना बघ." जुन्या यंत्रणेत 'रिकामं' आणि 'माहीत नाही' यांत फरकच नव्हता; नवी यंत्रणा त्या दोन वेगळ्या गोष्टी मानते. मी लिहिलेल्या प्रोग्रॅमनं प्रत्येक मोकळा रकाना सरसकट 'रिकामं' म्हणूनच नेला होता, आणि रिकामं दिसलं की नवा पडदा ठामपणे लिहीत होता : अ‍ॅलर्जी नाही.

अक्कांनी थेट एका वॉर्डात फोन लावला. "सिस्टर, पेशंटला विचारलंच नसेल तर काय भरता?"

"काहीच नाही. मोकळं सोडतो."

"आणि विचारलं, पण अ‍ॅलर्जी नसली तर?"

"तेव्हाही मोकळंच. विचारल्याची वेळ तेवढी पडते."

"सरी!" अक्कांनी टेबलावर हात मारला. वेळ असेल तर विचारलेलं, नसेल तर नाही. वाट सापडली होती, पण सगळ्या नोंदी नव्यानं वेगळ्या कराव्या लागणार होत्या. मॅनेजर म्हणाले, "तारीख ठरलीय, अक्का." त्या शांतपणे म्हणाल्या, "ती आपण ठरवली. पेशंटनं नाही." तारीख दोन आठवडे पुढे गेली. चूक माझी होती, पण त्या बैठकीत त्यांनी एकदाही माझं नाव घेतलं नाही. प्रत्येक वेळी त्या 'आपल्याकडून राहिलं' एवढंच म्हणाल्या. मी मान खाली घालून ऐकत होतो.

एका रविवारी सकाळी नवी यंत्रणा सुरू झाली. अक्का फोन कानाला लावून त्याच सिस्टरशी बोलत होत्या. नुकत्याच आलेल्या एका आजींची नोंद उघडली, तर पडद्यावर आलं : विचारलेलं नाही. सिस्टर म्हणाल्या, "थांबा, आत्ताच विचारते." दोन मिनिटांनी आवाज आला, "पेनिसिलिन चालत नाही म्हणतात. अंगभर पुरळ उठलं होतं एकदा." अक्का उठून उभ्याच राहिल्या. त्यांनी माझा दंड इतका घट्ट धरला, की दुखला.

गेल्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेलो. मोहनराव मला खिडकीजवळच्या टेबलापाशी घेऊन गेले. "ती काहीतरी अजून एक नवीन शिकत होती. मला रविवारी दाखवणार होती... तू दाखवशील?" लॅपटॉप उघडला. अक्कांनी तिसऱ्याच प्रकारचा डेटाबेस शिकायला घेतला होता. त्यात माणसं म्हणजे ठिपके, आणि नाती म्हणजे त्यांना जोडणाऱ्या, बाण असलेल्या रेषा. सरावासाठी त्यांनी आपलीच माणसं भरली होती. मोहनराव होते, बहीण होती, वॉर्डातल्या त्या सिस्टर होत्या. एका ठिपक्यावर माझं नाव होतं. तिथून निघालेला बाण त्यांच्याकडे जात होता आणि त्यावर लिहिलं होतं : शिकवतो.

मोहनरावांनी चष्मा सावरला आणि त्या बाणावर बोट ठेवलं. "उलट्या दिशेनंही काढता येते का रे रेषा?"

"येते," मी म्हणालो.

"मग काढ."

मी खुर्ची पुढे ओढली आणि काढली.